भिंतीवरचे दोन भाडेकरू : कोळी आणि पाल यांच्या नावांची गोष्ट

अमरकोश हा साधारण दीड हजार वर्षांपूर्वीचा संस्कृत शब्दकोश. पूर्वीच्या पाठशाळांत मुलं तो तोंडपाठ करत. त्याच्या दुसऱ्या कांडात प्राण्यांचा एक वर्ग आहे. सिंहापासून सुरुवात होते, म्हणून त्याचं नाव सिंहादिवर्ग. वाघ, डुक्कर, माकड, मांजर असं करत करत अमरसिंह घरात शिरतो. तिथे लागोपाठ दोन ओळी येतात. पहिल्या ओळीत सरडा आणि पाल, दुसऱ्या ओळीत कोळी. सरड्याची नावं सरट आणि कृकलास. पालीची मुसली आणि गृहगोधिका. कोळ्याची लूता, तन्तुवाय, ऊर्णनाभ आणि मर्कटक.

आजच्या प्राणिशास्त्राला ही शेजारजोडणी मान्य होणार नाही. एकाला आठ पाय आणि पाठीचा कणा नाही, दुसरीला चार पाय आणि कणाही आहे. पण अमरसिंह शरीराची रचना बघत नव्हता, तो भिंत बघत होता. पाल आणि कोळी भाडं न भरता आपल्या घरात राहतात. एक दुसऱ्याला खातो, दोघंही आपल्या घरातले डास-माश्या खातात, आणि दोघांनाही आपण झाडूने हाकलतो.

या दोघांना आपण जी नावं दिली, त्यांची घराणी मात्र अगदी वेगळी आहेत. कोळ्याची बहुतेक नावं त्याच्या कामावरून पडली. पालीची नावं जागेवरून, चालण्यावरून, आवाजावरून पडली. पुढे काळाच्या ओघात नावांचे मूळ अर्थ विसरले गेले आणि त्या रिकाम्या जागेत भीती येऊन बसली. तिचे परिणाम आपण आजही भोगतो आहोत. आपणही, आणि ते दोघंही.

कोळी : मच्छीमार की विणकर?

कोळ्याला कोळी का म्हणतात, असं कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं असतं. समुद्रावरचा कोळी जाळं टाकून मासे धरतो, भिंतीवरचा कोळी जाळं टाकून माश्या धरतो. मासे आणि माशी, यमकही जुळतं. उत्तर इतकं सोपं आहे की पुढे कुणी विचारतच नाही.

पण शब्दाचा माग काढत मागे गेलं की वाट समुद्राकडे जात नाही, मागाकडे जाते. हातमागाकडे. संस्कृतात ‘कौलिक’ म्हणजे विणकर. पंचतंत्रात एका विणकराची गोष्ट आहे. तो राजकन्येच्या प्रेमात पडतो, लाकडी गरुडावर बसून, विष्णूचं सोंग घेऊन तिच्या महालात उतरतो. त्या गोष्टीतला नायक कौलिक आहे. प्राकृतात या शब्दाचं ‘कोलिय’ झालं आणि त्याला दोन अर्थ आले : कापड विणणारा माणूस आणि जाळं विणणारा किडा. उत्तर भारतात विणकरांच्या एका मोठ्या समाजाला आजही कोरी म्हणतात. झाशीच्या राणीची सहकारी झलकारीबाई याच समाजातली. हिंदीने विणकर जपला, मराठीने किडा जपला. मराठीत विणकराचा अर्थ पुसला गेल्यावर कोळ्याचं नाव पोरकं झालं आणि मग मच्छीमाराच्या नावाशी त्याचं नातं जोडलं गेलं.

हा योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण कोळ्याची इतर नावंही तीच साक्ष देतात. अमरकोशातलं ‘तन्तुवाय’ म्हणजे तंतू विणणारा. हा शब्दही विणकर आणि कोळी दोघांसाठी चालतो. मराठीत कोळ्याला ‘कातीण’ असंही एक नाव आहे : कातणारी ती कातीण. इंग्रजीतला ‘स्पायडर’ हा ‘स्पिन’ म्हणजे कातणे या क्रियापदातूनच आला आहे, म्हणजे तोही कातीणच. जर्मन माणूस कोळ्याला ‘श्पिन्न’ म्हणतो, तीही कातीण. ग्रीकांच्या कथेत अराक्ने नावाची एक मुलगी विणण्यात देवीशी पैज लावते आणि शेवटी तिचा कोळी होतो. कोळ्यांच्या शास्त्राला ‘अरॅक्नॉलॉजी’ म्हणतात ते तिच्याच नावावरून.

मराठी कातीण आणि इंग्रजी स्पायडर यांनी एकमेकींची नक्कल केलेली नाही. ज्या घरात चरखा आणि माग असतो, त्या घरातल्या माणसाला कोपऱ्यातल्या त्या प्राण्यात आपल्या धंद्याचा माणूस दिसतो, एवढंच. नाव ठेवणाऱ्या माणसाने कोळ्याकडे बघून शिकारी म्हटलं नाही, विषारी म्हटलं नाही. तो म्हणाला : हा आपल्यातला आहे.

बेंबी कुठून आली?

आता ‘ऊर्णनाभ’ बघा. ऊर्णा म्हणजे लोकर. नाभी म्हणजे बेंबी. ज्याच्या बेंबीतून लोकर निघते तो ऊर्णनाभ. अर्थ चपखल वाटतो, कारण कोळ्याचा धागा पोटाच्या मागच्या टोकाकडून निघतो. मुंडक उपनिषदात तर विश्वाच्या उत्पत्तीसाठी हाच दाखला दिला आहे : कोळी जसा स्वतःतून धागा काढतो आणि परत आत घेतो, तसं अक्षर ब्रह्मातून विश्व निघतं.

पण त्याहून जुन्या वैदिक वाङ्मयात हा शब्द ‘ऊर्णवाभि’ असा येतो. ‘न’ नाही, ‘व’ आहे. ऋग्वेदात इंद्राचा एक शत्रू आहे, त्याचं नाव और्णवाभ. यास्काने निरुक्तात ज्या जुन्या अभ्यासकांची मतं दिली, त्यांतल्या एकाचं नावही और्णवाभ. यातला ‘वाभ्’ हा विणणे या अर्थाचा अतिप्राचीन धातू आहे. त्याचेच नातेवाईक इंग्रजीतले ‘वीव्ह’ आणि ‘वेब’, आणि फारसीतलं ‘बाफ्तन’. जरीच्या कापडाला जरबाफ्त म्हणतात त्यातलं बाफ्त तेच. म्हणजे ऊर्णवाभि हा मुळात लोकर-विणकर. पुढे संस्कृत बोलणाऱ्यांना ‘वाभ्’ कळेनासा झाला. न कळणाऱ्या तुकड्याच्या जागी त्यांनी ओळखीचा तुकडा बसवला, आणि विणकराच्या जागी बेंबी आली.

कोळी या शब्दाच्या बाबतीत मराठीने जे केलं, तेच संस्कृतने दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी केलं होतं. विणकर विसरला गेला आणि त्या जागी समजेल अशी दुसरी गोष्ट बसवली गेली. भाषा रिकामी जागा ठेवत नाही.

वऱ्हाडातला ‘कोयी’

अमरावती-अकोल्याकडे आलात तर हा शब्द तुम्हाला वेगळ्याच वेषात भेटेल. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, शाळा म्हणजे शाया. त्याच चालीने कोळी म्हणजे कोयी आणि त्याचं जाळं म्हणजे जायं. ‘आंब्याची कोय’ मनात ठेवून ऐकणाऱ्या पुण्याच्या पाहुण्याला भिंतीवर कोयी कशी चढली, हा प्रश्न पडू शकतो.

या बदलाला पुष्कळ जण अशुद्ध उच्चार म्हणतात. अशुद्ध असतं तर ते कधी झालं असतं, कधी नसतं. वऱ्हाडीत ते नियमाने होतं. ज्या नियमाने संस्कृत ‘सरट’ची मराठी ‘सरडा’ झाली, त्याच जातीचा हा नियम. तिथे ‘ट’चा ‘ड’ झाला, इथे ‘ळ’चा ‘य’. पहिल्याला आपण भाषेचा इतिहास म्हणतो आणि दुसऱ्याला गावंढळपणा. फरक फक्त एवढाच की पहिला बदल पाठ्यपुस्तकापर्यंत पोचला आणि दुसरा पोचला नाही.

वऱ्हाडला कमी लेखताना आणखी एक गोष्ट विसरली जाते. मराठीच्या आजीचं, म्हणजे महाराष्ट्री प्राकृताचं, एक मोठं घर इथेच होतं. आजचं वाशीम, जे १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होतं, ते वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. तिथला राजा सर्वसेन याने ‘हरिविजय’ हे काव्य महाराष्ट्री प्राकृतात लिहिलं होतं. त्याचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याचा चौथ्या शतकातला ताम्रपट वाशीमलाच मिळाला. त्यातली वंशावळ संस्कृतात आहे, बाकी मजकूर प्राकृतात. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटाने लीळाचरित्राचं काम केलं. मराठी भाषेचं विद्यापीठ रिद्धपूरला उभं राहिलं ते याच कारणाने.

त्या महाराष्ट्री प्राकृतात कोळ्याला काय म्हणत? हालाच्या गाथासप्तशतीत एका गाथेत कोळ्याचं सुंदर चित्र आहे. छपरातून आपल्याच धाग्याला धरून तो उलटा लोंबतो आहे, आणि बघणाऱ्याला वाटतं की न दिसणाऱ्या दोऱ्यात बकुळीचं एकच फूल ओवलं आहे. तिथे शब्द आहे ‘मक्कडअ’. अमरकोशातल्या मर्कटकाचं हे प्राकृत रूप. आणि हिंदीतली ‘मकडी’ याच घराण्यातली.

अमरावती-अकोल्याच्या बाजारात हिंदी रोज कानावर पडते. तिथलं एखादं मूल वर्गात मकडी म्हणालं तर मास्तर लगेच सुधारतात : मकडी हिंदी, मराठीत कोळी म्हणायचं. परीक्षेपुरतं ते ठीकच आहे. पण दीड-दोन हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या कवीने भिंतीवरच्या या प्राण्यासाठी वापरलेला शब्द कोळी नव्हता, मकडीची पणजी होती. आपण ज्याला परका म्हणतो तो शब्द पुष्कळदा घर सोडून गेलेला भाऊ असतो.

आणखी एक विरोधाभास असा की कोळ्याला विणकर म्हणणारी स्मृती वऱ्हाडात टिकायला हवी होती. हा कापसाचा मुलूख. कोष्टी आणि साळी हे इथले विणकर समाज. पण १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इथल्या काळ्या मातीवर स्थिरावली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. कापूस गाठींमधून मुंबईला जायचा आणि तिकडचं कापड त्याच रुळांवरून परत यायचं. पिकवणं इथे राहिलं, कातणं-विणणं मागे पडत गेलं. ‘कोळी’चा जुना अर्थ मराठीतून याच्या कितीतरी आधी गेला होता, त्याचा दोष रेल्वेला देता येत नाही. पण घराघरांतून चरखा आणि माग गेल्यावर तो अर्थ परत आठवण्याची शक्यताही गेली. ज्याने माग बघितलाच नाही, त्याला कोळ्यात विणकर कसा दिसणार?

पालीचं माहेर

आता शेजारणीकडे वळू. ‘पाल’ हा शब्द ‘पल्ली’वरून आला. संस्कृत कोशांत पल्ली आहे, पण तिचे सख्खे नातेवाईक दक्षिणेत आहेत. तमिळ आणि मल्याळममध्ये पल्ली, तेलुगूत बल्ली, कन्नडमध्ये हल्ली. उत्तरेकडे सरकलं की हा शब्द विरत जातो. हिंदीत छिपकली, बंगालीत टिकटिकी, गुजरातीत गरोळी. म्हणजे कोळ्याच्या बाबतीत मराठी उत्तरेच्या विणकरांशी नातं सांगते आणि पालीच्या बाबतीत दक्षिणेशी. एकाच भिंतीवर दोन दिशांचे शब्द. महाराष्ट्राचा नकाशा बघितला तर यात नवल काही नाही.

अकोल्यातल्या गुजराती व्यापारी कुटुंबांच्या घरात ‘गरोळी’ आणि ‘करोळियो’ हे दोन शब्द ऐकू येतील. गरोळी म्हणजे पाल, करोळियो म्हणजे कोळी. कानाला जुळी भावंडं वाटतात. पण गरोळीचं मूळ ‘गृहगोलिका’त आहे. पालीत, म्हणजे बुद्धाच्या उपदेशाच्या पाली भाषेत, ‘घरगोलिका’. नावातच घर आहे. अमरकोशातली ‘गृहगोधिका’ही तशीच : गोधा म्हणजे घोरपड, आणि पाल म्हणजे घरातली छोटी घोरपड. हिंदीत घोरपडीला ‘गोह’ म्हणतात ते याच गोधेवरून. ‘मुसली’ म्हणजे मुसळीसारखी. आणि सरडा, म्हणजे सरट, हा ‘सृ’ या सरकण्याच्या धातूतून आलेला : सरपटत जाणारा.

कुठे राहते, कशी दिसते, कशी चालते. या सगळ्या नावांत तिचं काम कुठेच नाही. कोळी काय करतो हे आपल्याला दिसलं, कारण ते आपणही करत होतो. पाल काय करते हे आपण बघितलं नाही. तिचा आवाज मात्र ऐकला. बंगाली टिकटिकी तिच्या टिकटिकण्यावरून आली, आणि गंमत म्हणजे बंगालीत टिकटिकी म्हणजे गुप्तहेरही. इंग्रजीतला ‘गेको’ मलय भाषेतून गेला, तोही आवाजाची नक्कल करत. मराठीने नावात आवाज घेतला नाही, पण वाक्प्रचारात घेतला. मनात शंकेची पाल चुकचुकते. जगात कुठेही गेलात तरी शंका येते, पण तिला पालीचा आवाज मराठीतच आहे.

याच आवाजामागे शकुनाचं मोठं शास्त्र उभं राहिलं. पाल अंगाच्या कोणत्या भागावर पडली तर काय फळ मिळतं, याचे तक्ते ‘पल्लीपतन’ या नावाने पंचांगांत छापले जात. दक्षिणेत हे आणखी पसरलेलं आहे. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात सोनेरी आणि रुपेरी पालींना हात लावायला रांग लागते. पाल पडल्याचा दोष जातो, अशी समजूत. गंमत बघा : जिच्या पडण्याने घरात धावपळ होते, तिलाच हात लावायला लोक देवळात तिकीट काढून जातात.

लूत, किंवा एका आरोपाचा इतिहास

आता अमरकोशातलं कोळ्याचं पहिलं नाव : लूता. या नावात विणकाम नाही. आणि नेमकं तेच नाव आपल्या अंगाला चिकटलं.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात, म्हणजे विषांच्या विभागात, लूतांवर सविस्तर मजकूर आहे. लूता कुठून आल्या याची कथाही तिथे आहे. विश्वामित्राने वसिष्ठांना चिडवलं. रागावलेल्या वसिष्ठांच्या कपाळावरचा घाम गाईसाठी कापून ठेवलेल्या गवतावर पडला, आणि त्यातून हे किडे जन्मले. कापलेलं म्हणजे लून, म्हणून लूता. सुश्रुत लूतांचे सोळा प्रकार सांगतो : आठ कष्टाने बऱ्या होणाऱ्या, आठ असाध्य. त्यांचं विष लाळ, नखं, दाढा, मूत्र, विष्ठा अशा वाटांनी उतरतं. सोळांपैकी एकीचं नावच ‘मूत्रविषा’.

हे वाचताना आपल्याकडचं एक वाक्य आठवल्याशिवाय राहत नाही. सकाळी उठल्यावर मानेवर किंवा हातावर लाल, जळजळणारा पट्टा आणि बारीक फोड दिसले की घरातलं कुणीतरी म्हणतं : कोळी मुतला. मूत्रविषा संहितेतून उतरली आणि आजीच्या तोंडात जाऊन बसली. की आजीच्या तोंडची समजूत संहितेत जाऊन बसली? दुसरी शक्यता अधिक वाटते. वैद्यांनीही शेवटी लोकांचंच ऐकून लिहिलं असणार.

आरोप मात्र चुकीचा आहे. हा पट्टा बहुतेकदा पेडेरस नावाच्या काळ्या-नारिंगी, लांबट भुंगेऱ्यामुळे उठतो. पावसाळ्यात तो दिव्याकडे येतो, झोपेत अंगाखाली किंवा हाताखाली चिरडला जातो, आणि त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं रसायन त्वचेला लागतं. तो चावत नाही, मुततही नाही. फोड लगेच येत नाहीत, साधारण दिवसभराने येतात, त्यामुळे गुन्हेगार तोवर नाहीसा झालेला असतो. भिंतीवर मात्र कोळी शांतपणे बसलेला दिसतो. त्वचारोगाच्या पुस्तकांतही भारतातल्या या आजाराला इंग्रजीत ‘कोळ्याने चाटलं’ अशा अर्थाचं नाव पडलं आहे. डॉक्टरांनाही जुना आरोप पुसता आला नाही.

हे हसण्यावारी नेता येत नाही, कारण चुकीच्या नावामागे चुकीचा उपाय येतो. ‘कोळी मुतला’ म्हणून ज्याच्यावर राख, चुना किंवा पाला लावला जातो, तो पट्टा कधी कधी नागिणीचा असतो. नागीण हा विषाणूचा आजार. लहानपणी कांजिण्या देणारा विषाणूच अंगात दबा धरून बसतो आणि पुढे मज्जातंतूच्या वाटेने वर येतो. त्याचं औषध फोड आल्यापासून ७२ तासांत सुरू झालं तर सर्वांत चांगलं लागू पडतं. तिथेही नाव आडवं येतं. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस मरतो, या भीतीने लोक मंत्र टाकणाऱ्याकडे जातात आणि हे तीन दिवस निघून जातात. साप नाही, कोळी नाही, आजार मात्र खरा असतो.

लूता या शब्दाची दुसरी वाट याहून अजब आहे. संस्कृतातच लूता म्हणजे कोळी आणि लूता म्हणजे एक त्वचारोग, असे दोन अर्थ झाले. मराठीत पहिला अर्थ गेला, दुसरा राहिला : लूत. केस झडलेला, सतत खाजवणारा कुत्रा दिसला की आपण म्हणतो, त्याला लूत भरली आहे. आता लूत कशामुळे होते? त्वचेत बिळं करून राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांमुळे. माणसाच्या खरजेचा असा किडा इटलीतल्या बोनोमो या वैद्याने सूक्ष्मदर्शकाखाली बघून १६८७ मध्ये त्याबद्दल लिहिलं. या किड्यांना पाय किती? आठ. प्राणिशास्त्रात ते कोळ्यांच्याच वर्गात मोडतात.

ज्यांनी त्वचारोगाला कोळ्याचं नाव दिलं, त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता. भिंतीवरच्या कोळ्यावर त्यांनी घेतलेला आळ खोटा होता. पण त्याच्या न दिसणाऱ्या चुलत भावांच्या बाबतीत त्यांचा शब्द अगदी बरोबर दारावर जाऊन थांबला. शब्द कधी कधी माणसांपेक्षा जास्त जाणतो. मात्र त्यावर विसंबून उपचार करू नयेत.

नावाने मारलेले

आरोपाची शिक्षा पालीच्या नातेवाइकांना अधिक कडक झाली. सापसुरळी बघा. गुळगुळीत, चकचकीत, शेतात आणि बागेत फिरणारी, कीटक खाऊन जगणारी. तिला विष नाही. पण नावात ‘साप’ आहे, एवढं पुरेसं असतं. काठी आधी पडते, चौकशी नंतर होते. पालीबद्दलही दुधात पडली की विष, ही समजूत पक्की आहे. घरातल्या पालीत विष नसतं. तिच्या अंगावरचे जंतू अन्नात गेले तर पोट बिघडू शकतं, म्हणून ते अन्न टाकणं योग्यच. पण घाण आणि विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत त्या एकाच दमात बोलल्या जातात.

घोरपडीची तऱ्हा आणखी वेगळी. तिला मान मिळाला. मुधोळच्या घोरपड्यांचं आडनाव तिच्यावरून आलं असं सांगतात. १६७० च्या सिंहगडाच्या लढाईची कथा सांगताना तानाजीची घोरपड यशवंती प्रत्येक मराठी मुलाच्या डोळ्यांपुढे येते. इतिहासकारांना ती घोरपड मान्य नाही, पण पोवाड्याला आणि आपल्याला ती हवी आहे. एवढा मान असूनही घोरपड तेलासाठी आणि मांसासाठी मारली जाते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंगतीत, तिचं नाव असतानाही.

तिच्या बाबतीतलं सर्वांत मोठं शब्दकपट म्हणजे ‘हत्थाजोडी’. जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी, धनलाभ करून देणारी दुर्मीळ मुळी म्हणून ती पूजेच्या दुकानांत आणि मोबाइलवरच्या दुकानांतही विकली गेली. तपास झाला तेव्हा कळलं की ती मुळी नाही, नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय आहे. प्राण्याला वनस्पतीचं नाव दिलं की घेणाऱ्याचा हात थरथरत नाही. कोळ्याच्या नावात माणूस दिसत होता म्हणून तो आपला वाटला. घोरपडीच्या अवयवाला मुळीचं नाव दिलं आणि तिच्यातला जीवच दिसेनासा झाला.

जाळं म्हणजे काय?

हा लेख तुम्ही ज्यावर वाचता आहात त्यालाही कोळ्याचंच नाव आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये ज्याची कल्पना मांडली त्या जगभरच्या ‘वेब’चा जुना अर्थ विणलेलं कापड. ऊर्णवाभितला ‘वाभ्’ आणि हा वेब एकाच धाग्याचे. मराठीत आपण त्याला आंतरजाल, महाजाल म्हटलं. आपल्या ‘जाळ्या’त मात्र कापड नाही, पकडणं आहे. मराठीत माणूस जाळ्यात सापडतो, जाळ्यात अडकतो, कुणी त्याच्यासाठी जाळं टाकतं. विणकर विसरून मच्छीमार आठवला त्याचा हा परिणाम. एकाच वस्तूकडे इंग्रजी शब्द कापड म्हणून बघतो, मराठी शब्द सापळा म्हणून. रात्री दोन वाजता मोबाइल हातात असलेल्या माणसाला मराठी शब्द अधिक खरा वाटेल, हे कबूल. तरीही दुसरा अर्थ आपल्याच भाषेत एकेकाळी होता, हे माहीत असावं.

आणि भिंतीवर बघण्याचं काम संपलेलं नाही. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याहून पालीची एक जात विज्ञानाला नव्याने कळली. तिचं नाव हेमिडॅक्टायलस चिखलदराएन्सिस. त्याच जिल्ह्यात दर्यापूरच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राचे अभ्यासक कोळ्यांवर काम करतात. अमरसिंहाच्या ओळीत पालीची नावं होती ती मुसळ आणि घर यांवरून. या नव्या नावात वऱ्हाडातलं एक गाव आहे.

ज्याचं काम आपण बघितलं त्याला आपण आपल्यातलं नाव दिलं, आणि ज्याचं काम बघितलं नाही त्याला भीतीचं. एक पाल एका रात्रीत दिव्याभोवतीचे किती किडे टिपते, हे एकदा मोजून बघा. त्यात तो काळा-नारिंगी भुंगेराही असू शकतो, ज्याचा आळ शेजारच्या कोयीवर येतो.